नवे स्पीकर मागवण्याआधी या चुका टाळा

सोसायटीत किंवा नात्यात कुणाच्या कॉम्प्युटरचा आवाज बिघडला की मला फोन येतो. 'स्पीकर गेले वाटतं, कोणते घेऊ?' हा पहिला प्रश्न. मी नेहमी सांगतो, काही घेऊ नका, मी येऊन ऐकतो. आजवर ज्या घरी गेलो त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी स्पीकर खरोखर गेलेले होते. बाकी ठिकाणी चूक जोडणीत होती, नाहीतर स्पीकर ठेवण्याच्या जागेत किंवा सेटिंगमध्ये. पण तेवढं तपासायला अर्धा तास लागतो आणि मोबाइलवरून नवी जोडी मागवायला दोन मिनिटं. म्हणून लोक दोन-तीन हजार रुपये घालवतात, आणि तोच खराब आवाज नव्या डब्यांतून ऐकत बसतात.

घुमणारा आवाज आणि अर्थिंगची पिन

ही चूक सगळ्यात आधी, कारण ती जिवावर बेतू शकते.

कोथरूडला माझा एक मित्र राहतो. डेस्कटॉप, त्याला सबवुफरवाली (बाससाठी वेगळा डबा असलेली) स्पीकरची जोडी, आणि त्याच स्पीकरच्या दुसऱ्या इनपुटला टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. गाणं लावलं नसलं तरी खोलीत सतत 'हूंऽऽ' चालू. त्याने स्पीकर बदलून आणले, नव्यातही तेच. मग दुकानात कुणीतरी सांगितलं की अर्थिंगमुळे होतं, टू-पिनचा कन्व्हर्टर लावा. त्याने कॉम्प्युटरच्या थ्री-पिनला तो लावला आणि आवाज खरंच थांबला. आठवड्याने त्याची आई कॅबिनेट पुसत होती, तिच्या हाताला झिणझिण्या आल्या. तेव्हा मला फोन आला.

मी गेल्या गेल्या आधी तो कन्व्हर्टर काढला. डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग तोडलं की डबा साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो करंट थोडा राहणार नाही आणि त्याला जायला जमीनही नसेल. 'आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे, काही झालं नाही' हे उत्तर मी पुष्कळ ऐकलं आहे. ते मला मान्य नाही.

मग खरा शोध. स्पीकरच्या मागच्या दोन्ही ऑडिओ वायरी काढल्या, आवाज बंद. म्हणजे स्पीकर ठीक. फक्त कॉम्प्युटरची लावली, शांत. सेट-टॉप बॉक्सची लावली, लगेच हूंऽऽ. आता बॉक्सच्या मागची, गच्चीवरून येणारी केबलवाल्याची वायर काढली, तर पुन्हा शांत. त्या वायरीचं अर्थिंग कुठेतरी बाहेर, कॉम्प्युटरचं घरच्या सॉकेटमध्ये. दोन ठिकाणच्या 'जमिनी' स्पीकरच्या ऑडिओ वायरीतून एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्यातल्या फरकाचा करंट त्या वायरीच्या बाहेरच्या जाळीतून वाहत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो आवाज असा खर्जात घुमतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

इलाज अगदी स्वस्त निघाला. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मिळते, दोन-चारशे रुपयांत. आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यातून आवाज पुढे जातो पण तारेचा थेट संबंध तुटतो. ती सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ वायरीत लावली. स्वस्त आयसोलेटरने अगदी खालचा बास थोडा कमी होतो, ते मी चालवून घेतो. बदलून आणलेले स्पीकर त्याने उगीचच आणले होते.

तुमच्याकडे आधी सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. भुणभुण गेली तर दोष चार्जरच्या वाटेने येतो आहे, तिथेही हाच आयसोलेटर चालतो. सगळ्या ऑडिओ वायरी काढूनही स्पीकर घुमत राहिला, तरच तो दुरुस्तीला न्या. आणि एका वेळी एकच वायर काढायची. सगळं एकदम उपसून पुन्हा लावणाऱ्यांना दोष कधीच सापडत नाही. मी कागदावर लिहीत जातो, काय काढलं आणि काय झालं.

ब्लूटूथ हेडफोन अचानक टेलिफोनसारखा वाजतो

माझी पुतणी ऑनलाइन गाणं शिकते. तिचा फोन आला, 'काका, हेडफोन बिघडला. गाणी छान वाजतात, पण क्लास सुरू झाला की तानपुरा डब्यात ठेवल्यासारखा येतो.' हेडफोन चार महिन्यांचा, आणि दादा नवा घ्यायला निघालेला.

हेडफोन उत्तम होता. ब्लूटूथवर गाणी ऐकायची पद्धत वेगळी आणि फोनवर बोलायची वेगळी. नुसतं ऐकताना स्टीरिओ मिळतो. पण कुठल्याही अ‍ॅपने हेडफोनचा माइक चालू केला की तो हँड्स-फ्री पद्धतीवर जातो. तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात ते, बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. ८ किलोहर्ट्झवर त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ हजार हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. तानपुऱ्याच्या जव्हारीची, म्हणजे तारेच्या झंकाराची, बरीच शोभा त्या वरच्या भागात असते.

उपाय फुकट आहे. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडफोन राहू द्या. नव्या ब्लूटूथ एलई ऑडिओत ही अडचण सुटू शकते, पण ती सोय लॅपटॉप आणि हेडफोन दोन्हीकडे लागते.

गाणं शिकणाऱ्यांसाठी आणखी एक. मीटिंगच्या अ‍ॅपना सतत चालणारा एकसुरी आवाज पंख्याचा वाटतो, आणि नॉइज सप्रेशन तानपुराच पुसून टाकतं. गुरुजींना तुमचा तानपुरा ऐकू येत नसेल तर ते बंद करा, काही अ‍ॅपमध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय असते ती चालू करा. पुतणी यासाठी वायरचा हेडफोन वापरायला लागली आहे आणि मला ते जास्त पसंत आहे. शिकण्याच्या वेळी वायरच हवी, असं माझं ठाम मत आहे.

स्पीकर मॉनिटरच्या मागे, सबवुफर कोपऱ्यात

टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून स्पीकर मॉनिटरच्या मागे ढकलतात. वरचे सूर तिथेच अडतात. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा, आणि ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला यावा. टेबल खाली असेल तर पुढे दोन पुस्तकं घालून स्पीकर वर तोंड करून ठेवा. खाली जुन्या योगा मॅटचे तुकडे घातले की टेबलाची थरथर थांबते. सबवुफर कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. लोकांना तो फुगवटाच आवडतो, आणि मग 'शब्द कळत नाहीत' म्हणून तेच तक्रार करतात.

जागा ठरवताना मी गाणं लावत नाही, आकाशवाणीच्या बातम्या लावतो. माणसाचा आवाज कसा असतो हे प्रत्येक कानाला ठाऊक असतं. निवेदक माठातून बोलल्यासारखा वाटला की स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढतो, पुन्हा ऐकतो. यात एक संध्याकाळ जाते, ती जाऊ द्यावी.

बाकीच्या, थोडक्यात

गाण्यातला गायक नाहीसा झाला आणि नुसता वाद्यमेळ उरला, तर घाबरू नका, जॅक अर्धवट बसला आहे. ग्राउंडची जोडणी सुटली की दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज एकमेकांना खोडतो, आणि गायक बहुधा मधोमधच असतो. जुनी मोनो रेकॉर्डिंग तर जवळजवळ गायबच होतात. जॅक 'टक्' होईपर्यंत दाबा.

डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमध्ये माउस हलवला की किरकिर येते. वायर मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा.

डब्यावर 'पीएमपीओ' (क्षणभराची कमाल ताकद) म्हणून लिहिलेले हजारो वॉट वाचू नका. आरएमएस (सतत मिळणारी ताकद) किती ते बघा, लिहिलेलं नसेल तर तो डबा खाली ठेवा.

१२८ केबीपीएसची एमपी३ फाइल ३२० मध्ये बदलून काही मिळत नाही. एकदा गेलेला आवाज परत येत नाही.

विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स आधी बंद करून ऐका. मग हवंच असेल तर इक्वलायझर एपीओ हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. पण त्यात बास ६ डेसिबल वाढवलात तर प्री-अ‍ॅम्प (एकूण आवाजाची पातळी) ६ डेसिबलने खाली आणा, नाहीतर ठोक्याला आवाज फाटतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरवर जातो. मी तर वाढवण्याऐवजी जे जास्त आहे तेच कमी करतो.

एवढं करूनही लॅपटॉपच्या जॅकमधून सूं-सूं येत असेल, तेव्हा पैसे काढा, आणि तेही हजाराच्या आसपास. अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमी जॅकचा छोटा अ‍ॅडॅप्टर विंडोज लॅपटॉपलाही चालतो आणि साध्या हेडफोनसाठी त्याचा डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप) खरोखर चांगला आहे. २५० ओहमचे, म्हणजे जास्त विद्युत रोधाचे, स्टुडिओ हेडफोन घेतलेत तर त्याची ताकद अपुरी पडेल. पहिलाच हेडफोन घेताना ३२ ओहमच्या आसपासचा घ्या.

कानात घालायच्या इअरफोनमध्ये बास नाही असं वाटलं तर सोबत आलेल्या पाकिटातले मोठे रबरी टिप लावून पाहा. कानाचं भोक नीट बंद झालं नाही की बास निसटतो. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या मापाचे टिप लागणं अगदी सामान्य आहे, मला स्वतःला तसेच लागतात. ती पाकिटं फेकून देऊ नका.