बिल छान छापतं म्हणून हिशेबाचं सॉफ्टवेअर घेऊ नका: ऑनलाइन विक्रेत्यांनो, या चुका टाळा

गेल्या दिवाळीनंतर कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारा एक तरुण माझ्याकडे आला. लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "सर, सॉफ्टवेअरमधली विक्री आणि बँकेत आलेले पैसे, पैशाला पैसा जुळतंय बघा. तरी सीए म्हणतात हिशेब चुकलाय."

"जुळतंय, तिथंच गडबड आहे," मी म्हटलं.

मार्केटप्लेसकडून, म्हणजे ज्या शॉपिंग साइटवर तो माल विकायचा तिच्याकडून, दर आठवड्याला कपाती वजा होऊन जी रक्कम (सेटलमेंट) खात्यात पडायची, ती तो सरळ 'विक्री' म्हणून टाकत होता. सॉफ्टवेअर त्यानं डेमो बघूनच घेतलं होतं. पण डेमोत बघितलं काय, तर लोगो कुठं येतो आणि बिलाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर जाते का. गंमत म्हणजे त्याच्या धंद्यात तो स्वतः एकही बिल काढत नाही. ते मार्केटप्लेसच काढतं.

माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी सहासात जणांची सुरुवात अशीच चुकलेली असते. दुकानाच्या काउंटरला शोभेल असं सॉफ्टवेअर घ्यायचं आणि त्यावर ऑनलाइन धंदा चालवायचा.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: सेटलमेंट न तपासता खरेदी

एकच जोड घेऊन बघू. चपलेची किंमत १,००० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे गिऱ्हाईक देतं १,०५०. मार्केटप्लेसचं कमिशन, शिपिंग, फिक्स फी मिळून २२० धरा. त्यावर १८ टक्के जीएसटी ३९.६० रुपये. शिवाय मार्केटप्लेस तुमच्या नावानं आधीच कापून सरकारला भरतं तो जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का, म्हणजे ५ रुपये (१० जुलै २०२४ पूर्वी तो १ टक्का होता). आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे १ रुपया. सगळं वजा जाऊन बँकेत येतात ७८४.४० रुपये.

आता या ७८४.४० ला विक्री म्हटलं की एका एंट्रीत चार भोकं पडतात. विक्री कमी दिसते, पण मार्केटप्लेसनं आपल्या जीएसटीआर-८ या विवरणपत्रात तुमची खरी विक्री कळवलेली असते, त्यामुळे तफावत विभागाला आयती दिसते. कमिशनवरच्या ३९.६० चं इनपुट क्रेडिट (खर्चावर भरलेल्या जीएसटीची वजावट) कुणी मागतच नाही. टीसीएसचे ५ रुपये जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याशिवाय तिथल्या तुमच्या जमा खात्याला (कॅश लेजर) येत नाहीत, ते तिथंच पडून राहतात. आणि टीडीएसचा रुपया आयकर विवरणपत्रात मागायचा राहतो. एका जोडाला ही चिल्लर वाटते. महिन्याला ४०० जोड विकणाऱ्याचं नुसतं कमिशनवरचं क्रेडिट १५,८४० रुपये होतं.

म्हणून डेमोच्या वेळी एकच करा. मागच्या महिन्याची सेटलमेंट फाइल सेलर पॅनलवरून उतरवून घ्या आणि समोरच्याला सांगा, "ही आत घेऊन दाखवा." विक्री, कमिशन, त्यावरचा जीएसटी, टीसीएस, टीडीएस वेगवेगळ्या खात्यांत आपोआप गेले तर पुढं बोलायचं. "ते आमचे इंजिनिअर नंतर सेट करून देतात" असं उत्तर आलं की चहा पिऊन उठायचं.

आणखी दोन गोष्टी तिथंच विचारून घ्या. विक्री नोंदवताना मार्केटप्लेसचा जीएसटी नंबर टाकायला जागा आहे का? जीएसटीआर-१ या तुमच्या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता १४ मध्ये कुणामार्फत किती विकलं ते द्यावं लागतं. ती जागा नसेल तर दर महिन्याला हा तक्ता हातानं भरत बसावं लागेल. दुसरं, मार्केटप्लेसनं फाइलचे कॉलम बदलले की दुरुस्ती कोण करतं, किती दिवसांत? हे कॉलम बदलतात, हे धरूनच चाला.

रिटर्न आणि आरटीओ

चपलांच्या धंद्यात साइजमुळं माल परत येणं नवं नाही. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर कुरिअर दारात उभा आणि गिऱ्हाईक फोन उचलत नाही, म्हणजे आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन, न पोचताच परत आलेला माल). बरीच स्वस्तातली सॉफ्टवेअरं अशा वेळी मूळ बिलच रद्द करा म्हणतात. सप्टेंबरचं बिल ऑक्टोबरमध्ये रद्द केलं, की भरून झालेल्या सप्टेंबरच्या जीएसटी विवरणपत्राशी पुस्तकं जुळत नाहीत. मूळ बिलाला जोडलेली क्रेडिट नोट (बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) निघाली पाहिजे, तीही माल परत आला त्या महिन्यात.

मूळ बिलाला जोडलेली का, ते गेल्या वर्षी सगळ्यांना कळलं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. त्याआधी १,५०० च्या जोडावर १८ टक्के लागायचे, म्हणजे २७० रुपये. त्यानंतर ५ टक्के, म्हणजे ७५. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलेला जोड दसऱ्याच्या सुमारास परत आला, तर क्रेडिट नोट जुन्या दरानं, २७० चीच निघायला हवी. पण ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मालाच्या नावापुढं फक्त एक दर लिहायची सोय होती, त्यांनी तो ५ केला आणि परत आलेल्या मालाच्या सगळ्या क्रेडिट नोटा ७५ नं निघाल्या. जोडामागं १९५ रुपये स्वतःच्या खिशातून. तेव्हा विचारा: दराला 'अमुक तारखेपासून' असं लावता येतं का?

त्याच्याच जोडीचा प्रश्न किमतीच्या टप्प्याचा. पादत्राणांवर जोडाची विक्री किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेली की १८. तयार कपड्यांनाही हाच आकडा. म्हणजे २,६०० ची चप्पल सेलमध्ये २,४५० ला गेली तर दर वेगळा, सेल संपला की पुन्हा वेगळा. दर मालावरून नाही, त्या बिलातल्या किमतीवरून ठरला पाहिजे. हे न जमणारं सॉफ्टवेअर कपडे-चपलावाल्यांनी घेऊच नये. मसाले किंवा लोणची विकत असाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

विक्री दुप्पट दिसतेय?

ही तक्रार घेऊन लोक घाबरेघुबरे होऊन येतात. कारण बहुतेक वेळा साधं असतं. मार्केटप्लेसनं त्याच्या क्रमांकानं बिल काढलं, तुमच्या सॉफ्टवेअरनं ऑर्डर आत घेताना आपला क्रमांक देऊन दुसरं काढलं, आणि दोन्ही जीएसटीआर-१ मध्ये गेली. बिल क्रमांक एका आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि १६ अक्षरांत बसायला हवा, असा नियम आहे. त्यामुळे आयात करताना मार्केटप्लेसचाच क्रमांक ठेवता येतो का ते बघा. स्वतःच्या वेबसाइटवरची आणि इन्स्टाग्रामवरची विक्री वेगळ्या मालिकेत ठेवा, म्हणजे नुसत्या क्रमांकावरून माल कुठून गेला ते कळतं.

विक्री बरोबर पण बँक जुळत नाही, असं असेल तर उलट घाबरू नका. ती जुळायचीच नाही. मार्केटप्लेसच्या नावानं एक येणे खातं उघडा. विक्री त्याच्या नावे, कपाती आणि बँकेत आलेली रक्कम त्याच्या जमेला. महिनाअखेर जी बाकी उरेल ती पुढच्या सेटलमेंटला यायची रक्कम असते. दोन महिन्यांहून जुनी बाकी दिसली तर मात्र सेलर सपोर्टला तिकीट टाका. हरवलेल्या रिटर्नचे पैसे तिथंच अडकलेले सापडतात. स्वतःच्या वेबसाइटवर पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) असेल तरी हीच रीत; तिथं टीसीएस नसतो, पण गेटवेचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापूनच पैसे येतात.

सीएला न विचारणं

आपल्याकडं बहुतेक सीएंच्या ऑफिसात टॅली चालतं. तुम्ही मोबाइलवरचं चकचकीत ॲप घेता आणि मार्चमध्ये त्यांच्या ऑफिसातला आर्टिकल (शिकाऊ सीए) तुमच्या पीडीएफ बघून सगळ्या एंट्र्या पुन्हा टॅलीत मारत बसतो. त्याची फी तुम्हीच देता, आणि नव्या चुका फुकट मिळतात. टॅलीच घ्या असं माझं म्हणणं नाही. पण सॉफ्टवेअरमधून टॅलीला चालेल अशी फाइल निघते का, किंवा सीएला थेट लॉगिन देता येतं का, हे पैसे भरायच्या आधी त्यांनाच फोन करून विचारा. महिना भरून जीएसटी विवरणपत्र गेलं की तो महिना कुलूपबंद करायची सोयही हवी. नाहीतर पॅकिंगला ठेवलेला पोरगा जुलैचं बिल डिसेंबरमध्ये 'दुरुस्त' करतो.

'लाइफटाइम' ऑफरला भुलणं

लाइफटाइम कुणाचं, कंपनीचं की तुमचं? इंट्युइटसारख्या बड्या कंपनीनं क्विकबुक्सची भारतातली सेवा २०२३ मध्ये बंद केली. वापरणाऱ्यांना डेटा काढून दुसरीकडं न्यावा लागला. जीएसटी कायद्यानं हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून बघा. फक्त बिलांची यादी निघते की लेजर, स्टॉक, पार्टीची बाकीही? वर्गणी संपल्यावर निदान वाचायला तरी उघडतं का?

आणि ज्यांच्या महिन्याला पंचवीसतीस ऑर्डर आहेत, त्यांनी एवढ्यात काहीच घेऊ नये. वर दिलेल्या चार कपातींचे चार कॉलम असलेली एक्सेलची शीट त्यांना पुरते. उलट ती शीट सहा महिने हातानं भरली की सॉफ्टवेअरवाल्याला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

बदलायचंच असेल तर १ एप्रिलला बदला. मधेच बदललं की अर्धं वर्ष इकडं, अर्धं तिकडं, आणि स्टॉकचा मेळ कुठंच नाही. नव्यात ओपनिंग बाकी टाकताना मार्केटप्लेसकडून येणं विसरू नका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येणारे पैसे मार्चच्या विक्रीचे असतात.

त्या चपलावाल्या तरुणाचं सॉफ्टवेअर आम्ही बदललं नाही. सेटलमेंट फाइल आत घ्यायची सोय त्यात होती, एका मेनूच्या तळाशी. त्यानं ती कधी उघडलीच नव्हती. दोन रविवार बसून एप्रिलपासूनच्या एंट्र्या पुसून नव्यानं घेतल्या. कमिशनवरचं क्रेडिट मागायला पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते, त्यामुळे ते वाचलं. नंतर तो मला म्हणाला, "सर, आता बँक जुळत नाही, पण झोप लागतीया."