नॉनवोव्हन पिशवी बंदाजवळ फाटते? या चुका टाळा

पिशवी फाटली की शिव्या नॉनवोव्हनला, म्हणजे न विणता तंतू चिकटवून केलेल्या कापडाला बसतात. पण पुष्कळदा कापड बरं असतं. ते आडवं कापलेलं, जोडताना जास्त वितळलेलं किंवा शेडच्या दारात उन्हात पडून राहिलेलं असतं. अर्थात, ६० जीएसएम म्हणून घेतलेला रोल ४५ चा निघणं हेही रोजचंच.

जीएसएम काट्यावर बघा

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पन्ह्याच्या दोन्ही कडा, मध्य आणि त्यांच्या मधल्या दोन जागा अशा पाच ठिकाणांहून १० × १० सेंमीचे तुकडे कापा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येकाचं वेगळं वजन करून १०० ने गुणा. ०.६० ग्रॅम भरला तर ६० जीएसएम. फक्त सरासरी काढली तर पातळ कड लपून जाते, आणि पिशवी तिथेच फाटते.

तयार माल घेताना किलोमागचा नग विचारा. १२ × १६ इंची डी-कट (हात घालायला वर ‘डी’ आकाराचं छिद्र असलेल्या) पिशवीला वरच्या दीड इंची दुमडीसह सुमारे ०.२७ चौरस मीटर कापड लागतं. ६० जीएसएममध्ये ती १६ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे किलोत साठ-एकसष्ट. कोणी ऐंशी देत असेल तर हिशेब तुम्हीच करा.

वजन बरोबर, तरी कापड लेचंपेचं? कॅल्शियमचा फिलर, म्हणजे दाण्यात मिसळलेली स्वस्त भर, जास्त पडला असेल. तो वजन वाढवतो, ताकद नाही. मालापासून लांब, उघड्यावर छोटा तुकडा जाळा. पांढरी राख बरीच उरली तर फिलर भरपूर आहे.

उभं की आडवं?

पिशव्यांचं हे कापड सहसा स्पनबाँड पद्धतीने बनतं. त्यात पॉलिप्रॉपिलीन (पीपी) या प्लॅस्टिकचा दाणा वितळवून बारीक छिद्रांतून तंतू काढतात, हवेने ताणतात, चालत्या जाळीच्या पट्ट्यावर पसरतात आणि ठिपक्यांच्या तापलेल्या रोलरखाली दाबून चिकटवतात. पट्टा पुढे सरकत असल्याने जास्त तंतू रोलच्या लांबीकडे झुकतात, त्यामुळे कापड सहसा लांबीत मजबूत आणि पन्ह्यात कमजोर असतं. बंदाच्या पट्ट्या नेहमी लांबीत कापा. उरलेल्या तुकड्यांतून आडव्या काढलेल्या पट्ट्या भार पडताच लांबतात.

ऑटोमॅटिक डी-कट मशिनवर मात्र पन्ह्याचीच पिशवीची उंची होते आणि भार नेमका कमजोर दिशेला येतो. ते बदलता येत नाही. म्हणून पुरवठादाराला दोन्ही दिशांची ताकद विचारा. मोठी ऑर्डर असेल तर घाटकोपरच्या बीटीआरए किंवा वरळीच्या सस्मिरासारख्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या.

सर्वाधिक माल जोडावर बाद होतो

अल्ट्रासोनिक जोड-मशिनचं हॉर्न, म्हणजे कापडावर टेकणारा धातूचा भाग, सेकंदाला साधारण २०,००० वेळा थरथरतं आणि कापड जागीच वितळून चिकटतं. जोड हातांनी ओढून बघा:

- दोन थर सुटून वेगळे झाले, तर ऊर्जा कमी. वेग कमी करा किंवा दाब थोडा वाढवा.
- अगदी जोडाच्या रेघेवरच तिकिटासारखं फाटलं, तर ऊर्जा जास्त. कापड वितळून ठिसूळ झालंय.
- जोड शाबूत आणि शेजारचं कापड फाटलं, तर सेटिंग जमलं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग, दाब आणि पॉवर एकदम फिरवली तर फरक कशाने पडला हे कळत नाही. सकाळी जमलेलं सेटिंग दुपारी बिघडलं तर आधी नक्षीच्या रोलरवर साचलेला शाईचा आणि वितळलेल्या कापडाचा थर काढा. रोल बदलला की पुन्हा ओढून बघा. जीएसएम बदलला की जुनं सेटिंग चालत नाही. शिलाई करत असाल तर टाके विरळ ठेवा, दाट टाक्यांनीही तीच तिकिटाची रेघ तयार होते.

छपाई, ऊन, पाऊस

सुती कापडाची पिगमेंट शाई पॉलिप्रॉपिलीनवर टिकत नाही, पीपीची शाईच वापरा. वाळल्यावर सेलोटेप लावून उपटा. टेपवर रंग आला तर ऑर्डर पुढे नेऊ नका. जुलैत मुंबईच्या दमट हवेत शाईला वेळ द्या, ओल्या गठ्ठ्यात छाप मागच्या पिशवीवर उमटतो. गरम इस्त्री नकोच, हे कापड साधारण १६० अंशांच्या आसपास वितळतं.

यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून वाचवणारं मिश्रण) नसलेलं कापड उन्हात काही महिन्यांत भुकटी होतं, रोल अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. पाण्याचे थेंब वर उभे राहतात म्हणून त्याचा रेनकोट करू नका. दाब आला की पाणी आत येतं. त्यासाठी लॅमिनेट केलेलं, म्हणजे वर प्लॅस्टिकचा पातळ थर चढवलेलं कापड लागतं.

कायद्याचं गणित

केंद्राच्या नियमांनुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून नॉनवोव्हन कॅरीबॅग ६० जीएसएमपेक्षा कमी चालत नाही. कडेला ५६ भरणारा ‘साठचा’ रोल तिथे अडतो, म्हणून मागवताना ६५ चा मागवा. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या बंदीत तर या पिशव्याही होत्या, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. तेव्हा छपाईचा स्क्रीन बनवण्याआधी राज्याची ताजी अधिसूचना वाचून घ्या.