लाडक्या कुत्र्यांची रक्षा रानात विसर्जित करायची असेल तर

दहनानंतर हाती येणारी रक्षा ही लाकडाच्या राखेसारखी नसते. ती मुख्यतः भाजलेल्या हाडांचा चुरा असते आणि तीस किलोच्या कुत्र्यामागे साधारण एक किलो भरते. त्यामुळे जागा ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात: आपल्या कुत्र्याचे त्या जागेशी खरोखर काही नाते होते का, आणि एवढा चुरा ती माती निमूटपणे सामावून घेईल का.

पहिल्या बाबतीत आमची चूक होता होता राहिली. राणी आणि चिमी दोन वर्षांच्या अंतराने गेल्या, तेव्हा दोघींची रक्षा एकत्रच गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटात, दरी दिसते तिथे, वाहावी असे घरात ठरले होते. पण त्या दोघी घाटात एकदाच आल्या होत्या, तेही गाडीत ओकत. शेवटी आम्ही गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या ओळखीच्या काजूच्या भाटाला, म्हणजे बागायतीला, लागून असलेली रानाची कड निवडली, कारण तिथल्या फणसाखाली राणी दुपारी अंग टाकत असे आणि मातीत पडलेला तिचा खळगा अजून तसाच होता. जागा निवडण्यापूर्वी असा खळगा, असा बांध, अशी रोजची वाट आठवून पाहावी.

त्यानंतर जमीन कोणाची हे विचारावे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव ही गोव्यातली अभयारण्ये असून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही, म्हणून वनखात्याला विचारल्याखेरीज तो विचार करू नये. बाहेरचा डोंगर बहुधा कोमुनिदादीचा (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचा) किंवा एखाद्या भाटकाराचा (जमीनमालकाचा) असतो, आणि भाटकाराला आधी सांगितले तर तो सहसा नाही म्हणत नाही. देवराईत मात्र मुळीच जाऊ नये. रोयणीपासूनही लांब राहावे, कारण गावासाठी ते नुसते वारूळ नसून सातेरी देवीचे रूप असते.

सड्याबद्दल, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराबद्दल, थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पावसाळ्याच्या अखेरीस फुलांनी भरलेला जांभ्या दगडाचा सडा पाहून पुष्कळांचे मन तिथेच बसते. पण सड्यावर सीतेची आसवे आणि दवबिंदूसारख्या कीटकभक्षी वनस्पती उगवतात त्या माती अतिशय निकस असल्यामुळेच. नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) मातीतून पुरेसे मिळत नाही म्हणून त्या किडे पकडतात. हाडांच्या चुऱ्यात स्फुरद भरपूर असते आणि क्षारही असतात. त्यामुळे एका जागी ओतलेली किलोभर रक्षा तिथल्या बोटभर मातीचा स्वभावच बदलून टाकू शकते आणि पुढे त्या फुलांच्या जागी साधे गवत माजण्याची भीती असते. म्हणून सडा टाळून उताराची, पालापाचोळ्याची जाड माती निवडावी, रक्षेत चार-पाच पट माती मिसळावी आणि ती झाडाच्या बुंध्यालगत न टाकता घेराबाहेर पातळ पसरावी.

वाहत्या पाण्यात रक्षा सोडण्याची आपली रीत जुनी आहे. तरीही म्हादई नदीचे पाणी दाबोसला आणि खांडेपार नदीचे ओपाला पिण्यासाठी उचलले जाते, हे लक्षात ठेवून त्यांच्या वरच्या अंगाला विसर्जन करू नये. उन्हाळ्यात आटणारी झर किंवा जनावरांचा पाणवठाही टाळावा. समुद्रच हवा असेल तर मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे हिवाळ्यात कासवे अंडी घालतात. तिथल्या वाळूत काही पुरू नये.

पाऊस ओसरल्यानंतरची पहाट सर्वांत सोयीची, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. दुपारी समुद्रावरून वारे सुटले की रक्षा आपल्याच तोंडावर येते. मार्च-एप्रिलमध्ये पणती किंवा उदबत्ती रानात पेटवू नये. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या परिसरात वणवे किती पसरले होते ते सत्तरीत कोणीही सांगेल. हाराचा दोरा, प्लास्टिकची पिशवी आणि गळ्यातला पट्टा घरी परत न्यावा. निघण्यापूर्वी मोबाइलवर त्या जागेची खूण जतन करावी, कारण पुढच्या पावसानंतर गवत छातीपर्यंत वाढते आणि ओळखीची वाटही सापडत नाही.