इंजिन ऑईलचं सॅम्पल घेताना या चुका टाळा

सेसना 172 या छोट्या विमानाचं 50 तासांचं ऑईल चेंज. क्विक ड्रेन (ऑईल सोडायचा व्हॉल्व्ह) उघडला, बादली भरली, सम्प (इंजिनाखालची ऑईलची टाकी) रिकामा व्हायला आला आणि मग कुणाला तरी बाटली आठवली. तळाची शेवटची धार बाटलीत धरली, झाकण लावलं, पाठवलं लॅबला, ऑईलमधल्या धातूंवरून इंजिनाची झीज कळावी म्हणून. असं सॅम्पल न घेतलेलं परवडलं.

सर्वांत जास्त घोळ सिलिकॉनचा, म्हणजे धुळीची खूण सांगणाऱ्या आकड्याचा होतो. मागच्या तीन रिपोर्टांत 6 पीपीएम (दहा लाख भागांत 6) आणि या वेळी एकदम 25. हँगरमध्ये धावपळ सुरू होते: एअर फिल्टर बदला, इनटेकची गळती शोधा, सिलिंडर उतरवायचे का? विमान उभं राहतं, विद्यार्थ्यांचं फ्लाइंग बुडतं. पण त्याच रिपोर्टात लोह, क्रोमियम, ॲल्युमिनियम पाहिलंय का कुणी? धूळ खरोखर इंजिनात गेली असेल तर ती रिंगा, सिलिंडर आणि पिस्टन घासते, त्यामुळे हे आकडेही सोबत चढतात. सिलिकॉन एकटंच चढलं असेल तर आधी नुकतंच कुठे सिलिकॉन सीलंट लावलंय का ते बघा. तसं काही नसेल तर ड्रेनच्या तोंडावरची धूळ धारेबरोबर बाटलीत उतरली असण्याची शक्यता मोठी. बारामतीकडच्या मे महिन्यात ती धूळ सगळीकडे असते.

म्हणून सवय अशी ठेवा. इंजिन बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत, ऑईल गरम असताना काम सुरू करा. थंड इंजिनात कण तळाशी बसतात. मॅग्नेटो (इंजिनाचं इग्निशन) ऑफ, किल्ली खिशात. ड्रेनचं तोंड धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. पहिलं लिटर-दीड लिटर बादलीत जाऊ द्या, मग मधल्या धारेतून साधारण 100 मिलिलिटर घ्या. बाटली ड्रेनला टेकवू नका आणि झाकण लगेच लावा. बाटली लॅबचीच हवी. धुतलेली पाण्याची बाटली चालत नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी.

सॅम्पलच्या तोंडावर टॉप-अप करू नका, म्हणजे वरून नवं ऑईल घालू नका. 6 क्वार्टमध्ये (क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) 40 पीपीएम लोह असेल आणि त्यात 2 क्वार्ट नवं ऑईल ओतलं, तर रिपोर्टात 30 दिसेल. इंजिन मात्र तेवढंच झिजलेलं असतं.

रिपोर्ट छान आला म्हणून फिल्टर न कापता फेकणारे पाहिले की खरंच चीड येते. धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या लॅबच्या स्पेक्ट्रोमीटरला अगदी बारीक, काही मायक्रॉनचेच कण नीट दिसतात. कॅम किंवा टॅपेट या व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचे पोपडे निघत असतील तर ते फिल्टरच्या घड्यांत अडकतात आणि लॅबचे आकडे नॉर्मल येऊ शकतात. फिल्टर कटरनेच कापा. हॅकसॉने कापलात तर करवतीचा चुरा इंजिनाच्या माथी माराल. कागद उलगडा, स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये खळबळा, उरलेलं पांढऱ्या कापडावर गाळा आणि वरून चुंबक फिरवा. घाई असेल तर ऑईल चेंज उद्या करा, पण ही पायरी गाळू नका.

ओव्हरहॉलनंतरच्या (इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतरच्या) पहिल्या सॅम्पलमध्ये आकडे चढेच येतात. किमान तीन सॅम्पलचा कल बघा.

फॉर्मवर इंजिनाचे एकूण तास, ऑईलचे तास, ऑईलचा प्रकार आणि मध्ये किती क्वार्ट घातलं ते लिहा. 20 पीपीएम लोह 25 तासांत आलं की 50 तासांत, हे कोऱ्या फॉर्मवरून लॅबला कसं कळणार?