गावातल्या फौजीवर लिहिताय? आधी मेडलला तारा आहे का ते बघा

एम.ए. इतिहासाची पोरं दरवर्षी विचारतात, प्रोजेक्टसाठी गावातले माजी सैनिक घेऊ का म्हणून. घ्या, नक्की घ्या, आणि दिवाळीनंतर बघू असं करू नका, कारण ही माणसं आता ऐंशीच्या आसपास आहेत. मुलाखत कशी घ्यायची, रेकॉर्डिंगची परवानगी, प्रश्नावली हे सगळं वर्गात झालेलं असतं, त्यात मी शिरत नाही. मी जिथे आपटलो तेवढं सांगतो. सात-आठ वर्षं झाली तरी तो प्रसंग आठवला की मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

माझं गाव दारव्ह्याजवळ, यवतमाळ जिल्हा. आमच्या गल्लीत एक आबाजी होते, सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. महार रेजिमेंटमध्ये होते, १९६३ ला भरती, १९७९ ला पेन्शनवर घरी. सुट्टीवर यायचे तेव्हा मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडायची आणि शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेत बसायचं, ती रखडत रखडत दारव्ह्याला आणून सोडायची, मग ट्रंक डोक्यावर घेऊन पायी गाव. ती काळी ट्रंक आणि तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला नंबर मी लहानपणापासून बघत आलो होतो, त्यामुळे विषय निवडताना मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

आमचे त्यावेळचे मार्गदर्शक म्हणाले, ७१ च्या युद्धाचा अँगल घे, चांगला उठाव येईल. मी घेतला. माझं मत आहे, आणि ते बदलणार नाही, की ज्या मार्गदर्शकाने माणूस बघायच्या आधी अँगल सांगितला त्याचं त्या दिवशी ऐकायचं नाही. नम्रपणे हो म्हणा आणि गावात जा. मला हे सांगणारे आमच्या गावचे रिटायर्ड गुरुजी होते, ते म्हणाले होते "आधी ट्रंक उघडून पाय, मग तोंड उघड". म्हणजे आधी पाहा, मग विचार. मी उलटं केलं.

तर झालं असं. आबाजींच्या घरात भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये पाच मेडल होते. मी फोटो काढला, नेटवर शोधलं, त्यातलं एक संग्राम मेडल निघालं, १९७१ चं. झालं, मला वाटलं पुरावा मिळाला. मी एक अख्खं प्रकरण लिहून काढलं, ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, आणि या सगळ्याच्या मधे आमचे आबाजी मशीनगन घेऊन. आबाजींना विचारलं होतं ना मी, "आबाजी, ७१ ला तुम्ही होता ना?" ते "होतो ना बाप्पा" म्हणाले. फौजेत होतो असं ते सांगत होते, मी ऐकलं लढाईत होतो असं. दुसरा प्रश्न विचारलाच नाही, कारण मला हवं ते उत्तर मिळालं होतं.

२६ जानेवारीला शाळेत सत्कार होता, मुख्याध्यापक म्हणाले तू लिहिलंय ते वाच. मी वाचलं. तीनशे माणसं, पोरं, पोरी, सरपंच, टाळ्या. आबाजी खुर्चीवर बसले होते, शाल अंगावर, आणि मांडीवरच्या नारळाकडे बघत होते. मला वाटलं भरून आलंय. 

दोन दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं. फ्रेम भिंतीवरून काढून खाटेवर ठेवलेली, काच बाजूला. एकेक मेडल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे पाय बाबू, याच्यात कोन्याले तारा हाये का?" पाचही गोल होते. "तारा लढाईवर गेलेल्याले भेटते. म्या सागरले होतो. सेंटरले. रंगरूट पोट्ट्याइले मशीनगन शिकवत होतो." सागर म्हणजे मध्य प्रदेशातलं, तिथे महार रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर आहे, आणि रंगरूट म्हणजे नवीन भरती झालेली पोरं.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझ्यानंतर मी किमान चार प्रोजेक्ट असे बघितलेत ज्यात हीच चूक आहे. १९७१ साठी साधारण तीन मेडल लक्षात ठेवायचे. पूर्वी स्टार, जो पूर्वेच्या आघाडीवर असलेल्यांना मिळाला. पश्चिमी स्टार, पश्चिमेच्या आघाडीवाल्यांना. हे दोन्ही आकारानेच पाच टोकांचे तारे आहेत, पितळी-तांबूस दिसतात. तिसरं संग्राम मेडल, ते गोल आणि पांढरट धातूचं, आणि ते त्या काळात फौजेत असलेल्या सगळ्यांसाठी होतं, मग तुम्ही सीमेवर असा की डेपोत, की सागरच्या ट्रेनिंग सेंटरवर. म्हणजे संग्राम मेडल सांगतं की माणूस तेव्हा वर्दीत होता, एवढंच. तो कुठे होता हे सांगत नाही. १९६५ चंही तसंच आहे, समर सेवा स्टार वेगळा आणि रक्षा मेडल वेगळं, आबाजींच्या फ्रेममधे रक्षा मेडलच होतं, ते बघून कोणाला लाहोरच्या वेशीवर उभं करू नका. आबाजींच्या फ्रेममधलं आणखी एक होतं स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचं, ते १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्यांचं, आणि एक ९ वर्षांच्या सेवेचं. पाचवं सैन्य सेवा मेडल, त्याच्या फितीवर एक धातूची पट्टी असते, आबाजींच्या पट्टीवर "हिमालय" होतं. ती पट्टी म्हणजे क्लास्प, आणि खरं सांगतो, त्या फ्रेममधे आबाजी प्रत्यक्ष कुठे उभे होते हे सांगणारी तेवढी एकच वस्तू होती. मी तिचा फोटोसुद्धा धड काढला नव्हता.

मेडलची कड बघा. कडेवर नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला की दिसतं. आबाजींच्या कडेवर सुभेदार कुठेच नव्हतं. नोकरी संपताना फौजेकडून मिळणाऱ्या डिस्चार्ज बुकात पण नाही, तिथे शेवटची रँक नायक, म्हणजे सुभेदाराच्या बरीच खालची. गाव प्रेमाने रँक वाढवतं, सिपाही पेन्शनवर आला की हवालदार होतो आणि दहा वर्षांनी सुभेदार. आबाजींनी ते कधी तोडलं नाही, आणि मी ते पहिल्या पानावर छापलं होतं. अजून एक, मेडल घासू नका, घरच्यांनाही सांगा. आबाजींच्या बायकोने, आमच्या आजीने, दरवर्षी १५ ऑगस्टच्या आधी चिंच लावून घासले होते, दोन मेडलवरची अक्षरं पार बोथट झाली होती.

मी त्यांना विचारलं, सत्काराच्या वेळी का नाही सांगितलं, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू इचारलं का कुठं होते म्हनून? कोनीच नाई इचारलं. पंचवीस सालं झाले, एकाहत्तरचे वीर म्हनते लोकं, आता एवढ्या लोकाईत नाई कसं म्हनू?" आणि मग गप्प बसले. त्यांना माझा राग नव्हता, हे मी नवीन पोरांना मुद्दाम सांगतो कारण अशी चूक झाली की वाटतं आपण त्या घरात परत जाऊ शकत नाही. जाऊ शकता. दुसऱ्या दिवशी जा. मी चार दिवस तोंड लपवलं, ते चार दिवस फुकट गेले आणि नंतर ते मला फार महाग पडले.

परत गेलो तेव्हा आबाजींनी जे सांगितलं ते माझ्या युद्धाच्या प्रकरणापेक्षा शंभरपट मोठं होतं. ७१ च्या थंडीत सागरच्या सेंटरवर ते उस्ताद होते, रंगरूट शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर दोन मशीनगन एकमेकींवर आडव्या आहेत, ती गन डोळ्याला पट्टी बांधून खोलायची आणि जोडायची, हे ते शिकवायचे. विदर्भातली, मराठवाड्यातली पोरं, घरून पहिल्यांदा बाहेर पडलेली, कोणाला रात्री आईची आठवण यायची तर कोणाला बूट चावायचे. ट्रेनिंग संपून शपथेची कसम परेड झाली की पोरं आपापल्या पलटणीत जायची. काही परत आली नाहीत. आबाजींना अकरा नावं पाठ होती, गावांसकट. "मी शिकवलं, ते गेले, मी नाई गेलो," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. मशीनगन खोलायची कशी हे त्यांनी मला खाटेवर तवा, पकड आणि सायकलच्या पंपाने करून दाखवलं, हात थरथरत होते पण क्रम एकदाही चुकला नाही.

म्हणून प्रश्न "किती लढाया?" हा विचारूच नका. पहिला दिवस, पहिला पगार, पहिली सुट्टी, हे विचारा. पारावर चार माणसांत विचारू नका, तिथे गावाला ऐकायचं तेच निघतं. मुलासमोर विचारलं तरी वेगळं उत्तर येतं. मी सकाळी सहाला जायचो, ते चहा झाल्यावर गोठ्यात असायचे, तिथे खरं बोलायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र जाऊ नका, त्या दिवसांत कुणाला बोलायला वेळ नसतो आणि तुम्ही मधे मधे येता.

आणि घरातल्या बाईला सोडू नका. मी आजीला जवळजवळ सोडलंच होतं. सोळा वर्षं शेती तिने एकटीने केली, सासऱ्यासोबत, दोन पोरं पदरात. तिच्याकडे मनीऑर्डरच्या कुपनांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला, प्रत्येक कुपनावर दोन-दोन ओळी मजकूर. माझा अर्धा कालक्रम त्या गठ्ठ्यातून लागला. पाकिटांवर गावाचं नाव सापडणार नाही, फौजी पत्त्यावर ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असतं, ९९ असेल तर साधारण पूर्वेकडची बाजू समजा, ५६ असेल तर दिल्लीकडून जाणारी डाक. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. तारीख पुसलेल्या पाकिटांना याचा फार उपयोग होतो.

डिस्चार्ज बुकाचं प्रत्येक पान काढा, कोरं दिसलं तरी. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला काही मागायचं असेल तर अर्ज माणूस जिवंत असताना त्याच्याच सहीने जाऊ द्या, तुम्ही परके असताना तुमच्या नावाने पाठवलेल्या अर्जाला फार अर्थ नसतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे बसणारे बरेचदा स्वतः माजी सैनिक असतात, डिस्चार्ज बुकातल्या शॉर्ट फॉर्मचा अर्थ मला तिथेच कळला. नेटवरून रेजिमेंटचा इतिहास उचलून मधे चिकटवायचा शॉर्टकट मात्र करू नका. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते, हे लिहा, पण ते आबाजींच्या तोंडून कसं आलं ते लिहा. ते भरतीला गेले तेव्हा त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, "आपल्याले बाबासायबानं बंदूक देली, नीट धर." माझ्या प्रस्तावनेची आठ पानं या एका वाक्यापुढे काढून टाकली.

घाबरू नका, प्रकरण नव्याने लिहायला मला फक्त तीन आठवडे लागले. मार्क कमी पडले, युद्ध नाही म्हणून उठाव नाही असा शेरा आला, त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं, आता वाटत नाही. शाळेत मात्र दुरुस्ती वाचायची राहिली. आबाजी म्हणाले होते पुढच्या १५ ऑगस्टला वाच, मी समोर बसतो. जून लागला आणि ते गेले. १५ ऑगस्टला मी वाचलं, पहिल्या रांगेत आजी बसली होती, आणि "नायक" म्हटल्यावर तिने मान हलवली.

ती अकरा नावं वहीत आहेत. एकाच बैठकीत सांगितली होती आणि माझं रेकॉर्डिंग सातव्या नावाला बंद पडलं, पुढची चार मी हाताने लिहिली, त्यातलं एक गावाचं नाव मला नीट लागत नाही. ते चार दिवस तोंड लपवलं नसतं तर परत विचारायला वेळ मिळाला असता. आतापर्यंत तिघांची घरं सापडली, एक वाशीम जिल्ह्यात, दोन इकडेच. एका घरी त्या जवानाच्या वहिनी होत्या, त्यांनी फ्रेम काढून दाखवली, तिच्यात तारा होता. चौथं गाव पुसदच्या पुढे आहे, सोयाबीन निघालं की जाणार आहे.