प्लास्टर घातलेल्या पेशंटची बोटं कशी तपासावीत

प्लास्टर चढलं की मोडलेला हात किंवा पाय नजरेआड होतो. दिसतात ती फक्त बोटं. पहिल्या ४८ तासांत आत काय चाललंय ते हीच बोटं सांगतात, म्हणून 'नाडी लागते, रंग गुलाबी' एवढ्यावर 'ठीक' लिहून पुढच्या बेडकडे वळू नका.

आधी दागिने. सूज चढायच्या आत अंगठी, बांगड्या, जोडवी, मनगटाचा धागा, सगळं काढा. बायका जोडवी काढायला सहज तयार होत नाहीत. 'ताई, सूज आली की कापावी लागतील, आत्ता काढली तर परत घालता येतील,' असं सांगितलं की बहुतेक जणी ऐकतात. घट्ट असतील तर साबणाचं पाणी लावून फिरवत काढा, नातेवाइकाच्या हातात द्या आणि केसपेपरवर त्यांची सही घ्या.

तपासणी पहिले २४ तास दर तासाला आणि पुढे दर चार तासांनी. प्लास्टर घालण्यापूर्वीची नोंद असलीच पाहिजे, नाहीतर बधिरपणा अपघाताचा की प्लास्टरचा हे नंतर कळत नाही. सुरुवात नेहमी चांगल्या बाजूने करा.

नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा लाल व्हायला हवं. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोटाच्या टोकाची कातडी दाबा. हाताची मागची बाजू लावून दोन्हीकडचा गारवा ताडून पाहा. मग नसा, म्हणजे मज्जातंतू, एकेक करून. अंगठा वर करता येतो का, ही रेडियल. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करता येतो का, ही मीडियन. बोटं फाकवता येतात का, ही अल्नर. पायाला पंजा वर ओढायला सांगा आणि अंगठ्याशेजारच्या बेचक्यात स्पर्श कळतो का ते विचारा. इथे कमी पडलं तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, पेरोनियल नस दबत असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुखणं. शून्य ते दहा आकडा विचारा आणि नेमकी जागाही विचारा. सोलापूरच्या वॉर्डात कन्नड आणि तेलुगू बोलणारेही असतात. कन्नडमधलं 'नोवु' आणि तेलुगूमधलं 'नोप्पी' हे शब्द कानाला ओळखीचे असू द्या, म्हणजे पुटपुटलेली तक्रार निसटत नाही. मग पेशंटचं बोट तुम्ही स्वतः हळूच ताणा. हाताची बोटं सरळ करा, पायाचा अंगठा खाली आणि वर वाकवा. पोटरीत किंवा कोपराखालच्या हातात जीव जाईल अशी कळ आली, इंजेक्शन देऊनही ठणका उतरत नसेल, तर कंपार्टमेंट सिंड्रोम धरूनच चला. स्नायूंच्या बंद कप्प्यात सूज कोंडते आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. मोठी नाडी मात्र बराच वेळ चालू राहते. नाडी गेल्यावर धावणं म्हणजे उशीर झालेला असतो. सहा तासांच्या पुढे स्नायूंचं नुकसान बहुधा भरून येत नाही.

अशा वेळी बोटं न तपासता वेदनाशामकाचा पुढचा डोस देणं ही सगळ्यात घातक चूक. डॉक्टरांना लगेच बोलवा आणि फोनवर बोट ताणल्यावर आलेली कळ आधी सांगा. हात-पाय हृदयाच्या पातळीला आणा, उशीवर आणखी उंच करू नका, कारण उंचावर रक्त आणखी कमी पोचतं. बर्फ नको. प्लास्टर कटर आणि कात्री ट्रॉलीवर ठेवा. नुसतं प्लास्टर उकलून भागत नाही, आतला कापूस आणि पट्टीही कातडीपर्यंत कापावी लागते. पेशंटला उपाशी ठेवा, ऑपरेशन लागू शकतं. स्पायनल किंवा ब्लॉक (कंबरेत किंवा नसेजवळ दिलेलं भुलीचं इंजेक्शन) दिलेल्याला ही कळ जाणवणारच नाही. तिथे स्नायू दगडासारखा लागतो का ते बघा. लहान मूल तर फक्त रडतं आणि पुन्हा पुन्हा औषध मागतं.

हाडवैद्याकडून बांबूच्या कांबी घट्ट बांधून आलेला पेशंट असेल तर नातेवाइकांवर रागावण्यात वेळ घालवू नका. तपासणी तीच, फक्त आत्ता आणि लगेच.

ओलं प्लास्टर तळव्यांनी उचला. बोटांनी धरलं तर खड्डा पडतो आणि तोच खड्डा आत कातडीला टोचतो. पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात. पंखा चालेल, हीटर नको. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, घामाने आत खाज सुटते आणि पेशंट कंगवा नाहीतर विणायची सुई आत घालतो. आधीच बजावून ठेवा. प्लास्टरवर डाग दिसला तर पेनने कडेने रेघ मारून वेळ लिहा. कुबट वास आला तर आत जखम समजा.

खुब्याचं हाड मोडलेल्या आजींना ट्रॅक्शन, म्हणजे वजन लटकवून पाय ओढून ठेवलेला, असेल तर वजन अधांतरी लटकलं पाहिजे, जमिनीला किंवा कॉटला टेकलेलं नको. डॉक्टरांनी लिहिलं असेल तेवढंच, साधारण दोन ते तीन किलो. वीट बांधली असेल तर ती तोलून आकडा लिहा. कूस बदलताना वजन उचलू नका. टाच अधांतरी ठेवा, दर दोन तासांनी टाच आणि माकडहाड बघा. लांब हाड मोडल्यावर एक ते तीन दिवसांत पेशंट अचानक बरळायला लागला, धाप लागली, छातीवर किंवा काखेत बारीक लाल ठिपके दिसले, तर चरबीची गुठळी फुफ्फुसात गेली असेल. ऑक्सिजन लावा आणि डॉक्टरांना बोलवा.

घरी जाणारा पेशंट करमाळ्याचा किंवा मंगळवेढ्याचा असेल तर रात्री परत येणं सोपं नाही. बोटं निळी, गार, बधिर झाली किंवा ठणका वाढला तर सकाळची वाट न पाहता जवळच्या दवाखान्यात जायचं, हे कागदावर लिहून द्या. आणि निघण्यापूर्वी नातेवाइकाकडून तुमच्यासमोर एकदा नख दाबून घ्या.