गॅलरीतल्या बागेचे फोटो पाठवताय? या चुका टाळा

डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्या मुलुंडच्या गॅलरीचा कायापालट झाला. दहा बाय चार फुटांची जागा. सकाळी तिथे मोडकी सायकल, रद्दी आणि कपडे वाळत घालायचा स्टँड होता. दिवेलागणीला तिथे चौदा कुंड्या, खाली प्लास्टिकची हिरवळ आणि ग्रिलला पिवळ्या दिव्यांची माळ. फोटो लगेच घरच्या ग्रुपवर. टाळ्या, अंगठे, बदाम, सगळं आलं. चिपळूणच्या आत्याने मात्र एवढंच लिहिलं, "छान. ऊन कुठून येतं गो?"

"भरपूर येतं," मी म्हटलं. तेव्हा ते खरंही होतं. पुढच्या जुलैत चौदांपैकी सहा कुंड्यांमध्ये नुसती माती होती.

त्यानंतर वर्षभर मी आत्याला फोटो पाठवत राहिले आणि ती त्यातून माझ्या चुका वेचत राहिली. त्यातल्या निम्म्या चुका बागेतल्या होत्या, निम्म्या फोटोतल्या. चांगला कोपरा, संध्याकाळचा उजेड आणि वर फिल्टर, असा फोटो पाठवला की आजार लपतो आणि ग्रुपवर "वा वा" होते. म्हणून पहिलं सांगणं हे की कामाला हात लावण्याआधी, रद्दी आणि सायकलसकट, जागेचा एक फोटो काढून ठेवा. मी तो काढलाच नव्हता. आउटलेटची जाळी नेमकी कुठे होती, हे हिरवळ अंथरल्यावर मला आठवेना. तुंबली तेव्हा कळलं.

आता उन्हाचं, कारण सगळ्यात महाग पडली ती हीच चूक.

आमची गॅलरी दक्षिणेला. मुंबई उत्तरेला 19 अंशांवर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर. त्यामुळे ऊन गॅलरीत पार आतपर्यंत, हॉलच्या सोफ्यापर्यंत येतं. ते बघून मी मोगरा, जास्वंद आणि कुंदा आणला. पण मार्चनंतर सूर्य वर चढतो, वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो आणि उन्हाची पट्टी रोज थोडी थोडी ग्रिलकडे सरकते. 15 मेच्या सुमाराला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तसाच दुसरा दिवस जुलैच्या शेवटी येतो. मधले दोन-अडीच महिने दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो आणि दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. मोगऱ्याच्या बहराचे दिवस उन्हाळ्याचे, आणि नेमकं तेव्हाच माझ्या मोगऱ्याला सावली. त्याने लांबलचक काटकुळ्या फांद्या काढल्या, फूल एक नाही. मी खत घातलं. आणखी पाला आला.

उत्तरेकडच्या गॅलरीचं याच्या उलट. मे ते जुलै तिथे सकाळ-संध्याकाळ ऊन येतं, हिवाळ्यात नाही. पूर्व आणि पश्चिम त्यातल्या त्यात भरवशाच्या, समोर टॉवर उभा राहिला नसेल तर. म्हणजे मुंबईत तुमचं ऊन बिल्डरच्याही हातात असतं, ते वेगळं.

फोटोवरून उजेड ओळखायला जाऊ नका. मोबाइलचा कॅमेरा काळोखा कोपरा स्वतःहून उजळ करून दाखवतो, आणि आपले डोळेही त्याच लबाडीला सरावलेले असतात. त्यापेक्षा दुपारी बाराला (पूर्वेची गॅलरी असेल तर सकाळी, पश्चिमेची असेल तर दुपारनंतर) कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि वर फूटभर अंतरावर हात धरा. सावली गडद, कडा रेखीव असतील तर फुलझाडं लावा. सावली पुसट असेल तर पानओवा, पुदिना, अळू. सावलीच दिसत नसेल तर मनी प्लांट आणि स्नेक प्लांटवर समाधान माना. हे डिसेंबर, मार्च आणि जून अशा तीनदा करा, तोवर चौदा कुंड्या आणू नका, चार पुरेत.

दुसरी चूक मातीची. नर्सरीतून लाल मातीच्या गोणी आणल्या आणि नुसती तीच भरली. दोन महिन्यांत कुंडीत वीट तयार. पाणी घातलं की वर तळं, मग कडेने सुळकन खाली. आतला गड्डा कोरडाच. उपाय माहितीतला आहे: माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, सारख्या वाटणीने. कोकोपीटची वीट भिजवून, दोनदा पाणी बदलून, पिळून घ्या, त्यात क्षार असतात. मात्र पावसाळ्यात भिजणाऱ्या कुंडीत कोकोपीट निम्मं करा आणि त्या जागी जाडसर वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे घाला, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि जुलैत आपल्याला ते नकोच असतं. कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर घातला की निचरा होतो, हा समज मीही बाळगला होता. होत नाही. पाणी त्या थराच्या वर, मुळांपाशीच अडकून राहतं. भोकावर खापराचा एक तुकडा बस्स.

वजनाचाही विचार करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोच्या वर जाते. ती ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यावर ठेवायची नाही. खाली माणसं चालतात.

पावसाळ्याने मात्र सगळ्या चुका एकदम उघड्या केल्या. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो आणि चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. वारा नैऋत्येचा, म्हणजे दक्षिण आणि पश्चिमेच्या गॅलऱ्यांत सडा थेट आत. माझ्याकडे ऊन नाही, वरून पाण्याचा मारा, खाली प्लास्टिकची हिरवळ स्पंजासारखी भिजलेली. तिच्याखाली शेवाळ, झुरळं आणि तुंबलेली जाळी. हिरवळ मी जुलैत गुंडाळून भंगारवाल्याला दिली. त्याने ती घेतली याचंच मला आश्चर्य वाटलं.

तुळस पिवळी पडली. मी फोटो पाठवला आणि "पाणी कमी पडतंय का?" असं विचारलं. आत्याचं उत्तर, "पानं नको दाखवू. बूड दाखव. आणि मातीत बोट घाल." बोट दोन पेरं आत गेलं आणि चिखल घेऊन बाहेर आलं. पिवळ्या पानांची गंमतच अशी आहे की तहानेनेही पिवळी, बुडाल्यानेही पिवळी. पानं लोंबलेली, माती ओली, खोडाशी कुबट वास असेल तर मुळं कुजताहेत. अशा वेळी पाणी आणि खत दोन्ही बंद. झाड बाहेर काढून काळी, बुळबुळीत मुळं कात्रीने छाटायची, कोरड्या मिश्रणात लावायचं आणि पावसापासून आत घ्यायचं. खोड नरम पडलं असेल तर शेंड्याच्या फांद्या पाण्यात ठेवून नवी रोपं करायची. आजारी झाडाला खत घालणं म्हणजे तापात पुरणपोळी. मी घातली होती.

कुंड्यांखालच्या ताटल्यांनी वेगळंच नाटक केलं. आधी ताटल्या नव्हत्या, तर मातीचं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मग ताटल्या आणल्या, तर त्यात पाणी साचलं आणि पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी दारात. डेंग्यूचा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही तग धरतात. मनी प्लांटच्या बाटलीतलं पाणीही त्याच दिवशी बदला.

किडीचं थोडक्यात. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, आपण मिलीबग म्हणतो तो. लांबून काढलेल्या फोटोत तो कधीच दिसत नाही. पानाची मागची बाजू आणि फांदीची बेचकी जवळून काढा. पाण्याचा जोरदार फवारा, मग लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा, निदान तीनदा. मुंग्यांची रांग आधी मोडा, त्याच किडीला जपतात. नवीन रोप दोन आठवडे एकटं ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती, कारण माझी कीड नर्सरीतूनच घरी आली होती.

एक दिलासाही देते. हिवाळ्यात राणीच्या बागेतलं पालिकेचं पुष्पप्रदर्शन बघून आपण भारावतो आणि येताना पेटुनिया घेतो. ती एप्रिलात मरते. तिचं आयुष्यच तेवढं, तुमचा हात वाईट नाही.

आता मी दर पहिल्या रविवारी, सकाळी दहाला, दाराच्या उंबऱ्याशी तिसऱ्या लादीवर उभी राहून फोटो काढते. दिव्यांची माळ बंद, फिल्टर नाही, कडेला फूटपट्टी उभी. रिकामी कुंडी बाजूला सारत नाही. मोगरा समोरच्या विंगमधल्या मावशींच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत गेलाय आणि एप्रिलपासून त्या मला आठवड्यातून एकदा ओंजळभर फुलं पाठवतात. माझ्याकडे नऊ कुंड्या उरल्यात.

गेल्या रविवारचा फोटो गेल्यावर ग्रुपवर दोनच अंगठे आले. आत्याने लिहिलं, "अळवाच्या पानावर पांढरं काय दिसतंय? मागची बाजू दाखव." दाखवली. चुना होता, इमारतीचं रंगकाम चाललंय.